फुकटच्या कोठाराचे भाडे

नातेपुते परिसरातील शेतकऱ्याला अर्थशास्त्राचा एक धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना ठाऊक असतो. वीर धरणातून निघालेला नीरा उजवा कालवा फलटण तालुका ओलांडून माळशिरस तालुक्यात शिरतो. तेथे कोणाच्या शेतात किती पाणी जावे, हे धरणातील साठ्यावर जितके अवलंबून असते तितकेच दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते. धरण तुडुंब भरलेले असताना शेवटच्या टोकाचे पीक वाळून गेल्याची उदाहरणे कालव्याच्या प्रदेशात नवी नाहीत. पाणी आहे, पाट आहे, पाळीही ठरलेली आहे. मात्र दार उघडणारा हात आपल्या आवाक्यात नाही, ही टेलच्या शेतकऱ्याची स्थिती. महाविद्यालयीन शिक्षणाच्या क्षेत्रात आज नेमकी हीच स्थिती निर्माण होत आहे आणि तिला प्रगती असे नाव दिले जात आहे.

गेल्या काही वर्षांत ग्रामीण महाविद्यालयांनीही ऑनलाइन अध्यापनाची व्यासपीठे उभारली. त्यांपैकी मूडल हे व्यासपीठ विशेष लोकप्रिय आहे. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामस यांनी ते २००२ साली सर्वांसाठी खुले केले. त्याची आज्ञावली मुक्त परवान्याखाली आहे. ती कोणीही घ्यावी, तपासावी, बदलावी, स्वतःच्या यंत्रावर चालवावी. त्यासाठी कोणाला खंडणी द्यावी लागत नाही. ज्ञानाची साधने समाजाच्या मालकीची असावीत असे मानणाऱ्या प्रत्येकाने या गोष्टीचे स्वागत केले पाहिजे. परंतु नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या मूडलच्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीबरोबर आणखी एक सोय आली. व्यासपीठाबाहेरची फाइल-भांडारे व्यासपीठाला जोडता येऊ लागली. गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह ही कंपन्यांची भांडारे, तशीच विकिमीडिया कॉमन्ससारखी सार्वजनिक भांडारे आणि पुढे नेक्स्टक्लाउडसारखी स्वतः उभारता येणारी भांडारे या यादीत आली. सोय उत्तम आहे. तिचा वापर कसा होतो आणि कोणाच्या हिताचा होतो, हा वादाचा विषय आहे.

तीन वाटा, तीन परिणाम

तांत्रिक तपशील कंटाळवाणा वाटतो म्हणून कार्यकर्ते तो तज्ज्ञांवर सोपवतात. ही सवय महाग पडते. सहकारी कारखान्याचे राजकारण समजण्यासाठी उसाचा उतारा समजावा लागतो, तसेच हे आहे.

बाहेरच्या भांडारातील फाइल व्यासपीठावर आणण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट प्रत करून घेण्याची. शिक्षकाने आपल्या भांडारातून फाइल निवडली की तिची पूर्ण प्रत महाविद्यालयाच्या यंत्रावर उतरते. मूळ फाइल पुढे पुसली गेली तरी विद्यार्थ्यांच्या हाती काही कमी पडत नाही. दुसरी वाट केवळ खूण ठेवण्याची. या पद्धतीत फाइल बाहेरच राहते, व्यासपीठावर तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा राहतो. मूळ फाइल सुधारली की येथेही सुधारलेली दिसते, हा तिचा लाभ. मूळ नाहीशी झाली की येथेही काही उरत नाही, हा तिचा धोका. तिसरी वाट २०१७ पासून आली. तीत फाइल संस्थेच्या नावाने कंपनीकडे उघडलेल्या खात्यात ठेवली जाते आणि ती कोणी पाहावी याचे नियंत्रण दुव्याद्वारे होते. येथे शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावरचे अवलंबन सुटते, कंपनीवरचे मात्र अधिक घट्ट होते.

याखेरीज एक चौथी, अनधिकृत वाट आहे आणि ग्रामीण महाविद्यालयांत तीच सर्वांत अधिक वहिवाटीची आहे. शिक्षक आपल्या वैयक्तिक खात्यात फाइल चढवतो, तिचा दुवा उचलतो आणि व्यासपीठावर किंवा थेट व्हॉट्सअॅपच्या गटावर चिकटवतो. या वाटेत संस्थेकडे काहीच राहत नाही, ना प्रत, ना नोंद.

यासाठी शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल. मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागली तेव्हा त्याला एका रात्रीत ऑनलाइन शिकवण्यास सांगण्यात आले. साधने कोणती, साठवण कोठे, विजेचा व इंटरनेटचा खर्च कोणी द्यायचा, या प्रश्नांची उत्तरे देण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. त्याच्या हाती जे होते ते त्याने वापरले आणि धर्मपुरी, फोंडशिरस, मोरोची यांसारख्या गावांतील विद्यार्थ्यांपर्यंत आपल्या टिपणी पोहोचवल्या. त्याचे हे काम मोलाचे आहे. दोष आहे तो संकटातील तात्पुरत्या तडजोडीला पुढे कायमची व्यवस्था मानून स्वस्थ बसलेल्यांचा.

तासिका तत्त्वाचा घाम

या व्यवस्थेची झळ सर्वप्रथम कोणाला लागते? महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वाहतात. त्यांची नेमणूक वर्षापुरती, मोबदला घेतलेल्या तासांपुरता. तास घेण्यापूर्वी टिपण तयार करणे, मराठीतून उदाहरणे शोधणे, आकृत्या काढणे, ध्वनिचित्रफीत तयार करणे या श्रमांची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. त्या श्रमांचे फळ त्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यात पडून राहते. पुढच्या वर्षी त्याची नेमणूक झाली नाही, तर दोनच गोष्टी संभवतात. तो आपले साहित्य मागे घेतो आणि विद्यार्थी उघडे पडतात. अथवा तो भिडेखातर ते तसेच ठेवतो आणि ज्या संस्थेने त्याला घरी बसवले तीच त्याच्या श्रमाचा फुकट उपभोग घेत राहते. पहिल्यात विद्यार्थ्याची हानी, दुसऱ्यात शिक्षकाचे शोषण. सामाईक भांडार, त्यात निर्मात्याचे नाव, त्याच्या श्रमाचा मोबदला आणि मुक्त परवाना अशी रीतसर व्यवस्था असती, तर दोन्ही टळले असते.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दाखवून दिले होते की सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. त्या विषमतेचे नवे रूप असे: शिक्षकाचे वेतन जनतेच्या पैशातून, विद्यार्थ्याचे शुल्क शेतमजूर आईबापांच्या कष्टातून, आणि या दोहोंतून निर्माण झालेले ज्ञानसाहित्य मात्र परदेशी कंपनीच्या कोठारात, तिच्या अटींवर.

फुकट कशाला म्हणावे?

येथे नेहमीचा आक्षेप पुढे येतो. कंपन्या जागा फुकट देत असताना ती नाकारण्याचा शहाणपणा कशाला? या आक्षेपाचे उत्तर भावनेने देण्याची गरज नाही. बाजारव्यवस्थेचा साधा नियम पुरेसा आहे. सवय लागेपर्यंत किंमत शून्य असते. माल हलवणे कठीण झाले की किंमत ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याकडे जातो. गुळाच्या हंगामाआधी उचल देणारा अडत्या शेतकऱ्याला प्रथम उपकारकर्ताच वाटत असे.

तारखाच बोलक्या आहेत. ड्रॉपबॉक्सने आपल्या सार्वजनिक फोल्डरची सोय २०१७ साली बंद केली आणि त्या फोल्डरकडे बोट दाखवणारे जुने दुवे निकामी झाले. गुगलचे पिकासा वेब अल्बम मूडलला जोडता येत असत. ती सेवाच २०१६ साली गुंडाळण्यात आली. शिक्षणसंस्थांना गुगलने अमर्याद साठवण देऊ केली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे महामारीमुळे जगभरच्या संस्था तिच्यावर सर्वाधिक विसंबल्या असताना, ती मर्यादित करण्याची घोषणा झाली आणि जुलै २०२२ पासून एका संस्थेला सर्व मिळून १०० टेराबाइट ही मूळ मर्यादा लागू झाली. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली तशीच घोषणा केली व २०२४ पासून ती अमलात आणण्यास आरंभ केला. सप्टेंबर २०२१ मध्ये गुगलने सुरक्षेच्या कारणास्तव ड्राइव्हच्या दुव्यांची रचना बदलली. त्यामुळे काही जुन्या दुव्यांवरून फाइल उघडताना परवानगी मागण्याची पाळी आली. दोन वर्षे वापर न झालेली वैयक्तिक खाती मजकुरासह पुसण्याचे धोरण त्याच कंपनीने डिसेंबर २०२३ पासून लागू केले. निवृत्त झालेल्या वा दिवंगत झालेल्या शिक्षकाच्या टिपणांचे भवितव्य काय, हे यावरून उघड आहे.

यांपैकी एकही कृती बेकायदेशीर नाही. सुरक्षेसाठी केलेले बदल तर योग्यच होते. कंपनी आपल्या भागधारकांच्या हिताने चालते आणि तसे ती लपवतही नाही. ज्या निर्णयांनी एखाद्या वर्गाचे सत्रभराचे साहित्य नाहीसे होऊ शकते, त्या निर्णयांत त्या वर्गाला, त्याच्या शिक्षकाला, त्याच्या विद्यापीठाला काडीचाही अधिकार नाही, यावर मात्र आक्षेप आहे. भाडे पैशात दिले नाही म्हणजे भाडे नाही असे नव्हे; ते परावलंबनात दिले जाते.

खर्चाचा बागुलबुवा

दुसरा आक्षेप खर्चाचा. ग्रामीण महाविद्यालयाला स्वतःचे भांडार परवडणार नाही, असे म्हटले जाते. थोडा हिशेब करून पाहावा. एका महाविद्यालयात २०० विषयपत्रिका आहेत असे समजा. प्रत्येकीसाठी ५० फायली आणि प्रत्येक फाइल सरासरी २ मेगाबाइटची धरली, तर सारे साहित्य २०,००० मेगाबाइट, म्हणजे सुमारे २० गिगाबाइट होते. गुगलच्या एका फुकट वैयक्तिक खात्याची मर्यादा १५ गिगाबाइट आहे. तीत ते मावत नाही, परंतु खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये सहज मावते. ध्वनिचित्रफितींना जागा अधिक लागते हे खरे. एक तासाचे व्याख्यान ४०० मेगाबाइटचे मानले, तर १,००० व्याख्यानांना ४०० गिगाबाइट लागतात. साध्या दुकानात मिळणारी एक हार्डडिस्क यासाठी पुरते. अर्थात एकच तबकडी ठेवून भागत नाही. दुसऱ्या जागी दुसरी प्रत, अखंड वीज, देखभाल करणारा जाणकार माणूस हे सारे लागते. खरा खर्च या माणसाचा आहे, आणि तो प्रत्येक महाविद्यालयाने वेगळा करण्याचे काहीच कारण नाही.

सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यापुरते म्हणून स्थापन झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करते. एका जिल्ह्याचे विद्यापीठ हे त्याचे वैगुण्य म्हणून सांगितले जाई. या बाबतीत ते बलस्थान ठरू शकते. नेक्स्टक्लाउडसारख्या मुक्त आज्ञावलीवर एक सामाईक भांडार विद्यापीठाने उभारावे, प्रत्येक संलग्न महाविद्यालयाचे मूडल त्याला जोडावे, आणि देखभालीसाठी एक लहानसे पथक नेमावे. जोडणीची तांत्रिक रीत तीच राहते. बदलते ती दाराची किल्ली.

हे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी माळशिरस तालुक्याचाच इतिहास आठवावा. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात आपले भांडवल एकत्र करून माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला. शेतकऱ्याला यंत्र काय कळते, असे विचारणारे तेव्हाही होते. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. ज्या समाजाने उसाच्या मळीपासून विजेपर्यंतचे कारखाने चालवून दाखवले, त्याला चार तबकड्यांचे भांडार चालवता येणार नाही, हे कोण मान्य करील? सहकारात पुढे जी सत्तालोलुपता शिरली तिचा धडाही येथे घ्यावाच. परंतु त्या धड्यासाठी सावकाराकडे परत जाण्याचे कारण नाही. केरळने २००१ पासून शालेय शिक्षणात संगणकाचा कार्यक्रम राबवला, पुढे तो मुक्त आज्ञावलीवर आणला आणि शिक्षकांनाच त्याचे प्रशिक्षक बनवले. तेथे जे जमले ते येथे जमणार नाही असे म्हणणे म्हणजे आपल्याच शिक्षकांचा अवमान आहे.

युरोपातील भांडवली राष्ट्रांनाही हे उमजू लागले आहे. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने २०२२ साली स्पष्ट केले की मायक्रोसॉफ्ट व गुगलच्या फुकट शैक्षणिक सेवा शाळांत वापरल्या जाऊ नयेत. त्या देशात शिक्षकांसाठी नेक्स्टक्लाउडवर आधारलेली सार्वजनिक साठवण उपलब्ध आहे. डेन्मार्कच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी हेल्सिंगोर नगरपालिकेच्या शाळांत गुगलच्या सेवा वापरण्यास मनाई केली. पुढे ती मनाई स्थगित झाली, तरी मुलांची माहिती कंपनी कशासाठी वापरते हा प्रश्न साऱ्या देशापुढे आला.

सरकारी म्हणजे सार्वजनिक नव्हे

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता कामा नये. सरकारी भांडारे तरी कोठे सुरक्षित आहेत? केंद्र सरकारचे दीक्षा हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. जानेवारी २०२३ मध्ये असे उघडकीस आले की त्याच्याशी संबंधित माहिती एका असंरक्षित क्लाउड साठ्यात उघडी पडली होती. दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती तीत होती. हा आक्षेप खरा आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. तो साठाही एका खासगी कंपनीच्या क्लाउडवरच होता. दार उघडे ठेवणारे मात्र सरकारी यंत्रणेचे व्यवस्थापन होते. म्हणजे खासगी कोठार आणि बेजबाबदार नोकरशाही यांचा संयोग झाला की दोन्हींचे दोष एकत्र येतात. मालकी सरकारची असणे पुरेसे नाही. हिशेब मागण्याचा अधिकार, नियमित तपासणी, आणि विद्यार्थी-शिक्षकांचे प्रतिनिधी असलेली देखरेख समिती यांवाचून कोणतेही भांडार सार्वजनिक होत नाही. शिवाय अभ्याससाहित्याच्या भांडारात विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती साठवण्याचे कारणच नाही. जे साठवले नाही ते फुटत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या पानाला बाहेरचे भांडार जोडण्याचाच हा प्रकार. एका गुरुजींच्या कल्पकतेने जे साधले ते कौतुकास्पद आहे. परंतु छापलेला कोड वर्षानुवर्षे पानावर राहतो. त्याच्या पलीकडचे साहित्य टिकवण्याची जबाबदारी मात्र एका गुरुजींची राहू शकत नाही. ती संस्थेची, आणि अंतिमतः समाजाची आहे.

यावरून बाहेरची सारी भांडारे तोडून टाकावीत असे कोणी म्हणेल, तर तेही चुकीचे ठरेल. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, प्रबंधांचे शोधगंगा, मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्यूटोरियल, विकिमीडिया कॉमन्स ही बाहेरचीच भांडारे आहेत आणि ती वर्गाला जोडली गेलीच पाहिजेत. खिडक्या बंद करून स्वावलंबन येत नाही. विरोध जोडणीला नाही. प्रत न ठेवता केलेल्या जोडणीला आहे. जेथे परवाना अनुमती देतो तेथे प्रत घ्यावी, हा नियम असावा. पालखी सोहळ्याचा मुक्काम नातेपुत्यात पडतो तेव्हा ज्यांच्या नावाने तो निघतो त्या ज्ञानेश्वरांचा ग्रंथ आज हाती आहे, तो कोणत्या आधारावर? गावोगावी लोकांनी प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये पाठ ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध करता आली. एकाच वाड्यातील एकाच पेटीत ती ठेवली असती, तर पेटीच्या मालकाच्या मर्जीवर मराठीचे भाग्य ठरले असते.

टेलच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या प्रतीचे मोल आणखी आहे. त्याच्याकडे बहुधा एक फोन, तोही घरात सामाईक. दिवसाच्या डेटाची मर्यादा ठरलेली. वस्तीवर रेंज बेभरवशाची. फाइल महाविद्यालयाच्या यंत्रावर असेल, तर आवारातील वायफायवर इंटरनेटचा पैसा न खर्चता ती उतरवता येते आणि मूडलच्या मोबाइल अॅपमधून घरी नेटविना वाचता येते. बाहेरच्या संकेतस्थळाकडे नेणाऱ्या दुव्याला ही सोय लाभत नाही. रात्री शेतावर पाण्याची पाळी सांभाळत परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला या फरकाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

हा प्रश्न संगणकतज्ज्ञांचा म्हणून सोडून देणे म्हणजे पाटबंधाऱ्याचा प्रश्न अभियंत्यांचा म्हणून सोडून देण्यासारखे आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांना आणि शिक्षकांना निवडून येण्याचा मार्ग ठेवला आहे. प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती नेमण्याचे बंधन आहे. या जागा निवडणुकीपुरत्या आठवायच्या नसतात. तेथे पुढील मागण्या नेटाने मांडल्या पाहिजेत. विद्यापीठाने जिल्ह्यासाठी मुक्त आज्ञावलीवर सामाईक भांडार उभारावे. जनतेच्या पैशातून तयार झालेले अध्यापनसाहित्य मुक्त परवान्याने खुले करावे, त्यावर निर्मात्याचे नाव कायम राहावे आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना साहित्यनिर्मितीचा स्वतंत्र मोबदला मिळावा. प्रत्येक सत्राच्या अखेरीस व्यासपीठावरील दुव्यांची तपासणी व्हावी आणि बाहेर राहिलेल्या साहित्याची प्रत आत घ्यावी. कोणत्याही कंपनीशी करार करताना त्याच्या अटी मराठीतून फलकावर लावाव्यात, आणि सेवा बंद झाल्यास सारे साहित्य बाहेर काढण्यास पुरेशी मुदत करारातच लिहून घ्यावी.

या मागण्यांपैकी शेवटून दुसरी तर उद्याच अमलात आणता येते. तिला शासननिर्णय लागत नाही, निधी लागत नाही. नातेपुते, माळशिरस, अकलूज येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या महाविद्यालयात जावे, दोन प्राध्यापक आणि चार विद्यार्थी बरोबर घ्यावेत, आणि गेल्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचे दुवे एकेक करून उघडून पाहावेत. किती उघडतात, किती परवानगी मागतात आणि किती मेलेले आहेत, याची यादी करून ती विकास समितीपुढे ठेवावी. कालव्याच्या पाण्यासाठीचे मोर्चे अशाच एका यादीपासून सुरू झाले होते: कोणाच्या शेतात पाणी पोहोचले नाही, याची यादी.